तुरुंगाच्या वाटेवर मिळालेला जामीन

3 जून 1766 रोजी व्हर्जिनियातल्या एका टॅव्हर्नमध्ये कर्नल जॉन चिझवेल या बड्या जमीनदाराने रॉबर्ट रूटलेज नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्याच्या छातीत तलवार खुपसली. रूटलेज जागीच गेला. कारण विचाराल तर शिवीगाळ. दारूच्या टेबलावरची अशी भांडणं तेव्हा नवी नव्हती, आणि हेही चार महिन्यांत विरून गेलं असतं. पण आरोपीला जामीन मिळाला, तोही भर कोर्टात नाही, तर शेरीफ त्याला राजधानीच्या तुरुंगाकडे घेऊन निघालेला असताना. त्यानंतर अख्ख्या वसाहतीत जो गदारोळ उठला, तो खुनाबद्दल कमी आणि जामिनाबद्दल जास्त होता. लोक एवढे का खवळले हे समजून घ्यायचं, तर त्या काळचं फौजदारी न्यायाचं यंत्र कसं चालायचं ते थोडं उघडून बघावं लागेल.

अमेरिका नावाचा देश तेव्हा जन्मलेला नव्हता. आपल्याकडे थोरले माधवराव पेशवेपदावर होते, आणि व्हर्जिनिया ही इंग्लंडच्या राजाची वसाहत होती. तंबाखूवर चालणारी. हजारो एकर जमीन आणि शेकडो गुलाम बाळगणारी मोजकी घराणी विधिमंडळात, कोर्टात, चर्चच्या कारभारात, सगळीकडे बसलेली असत. चिझवेल त्यांतलाच. 'कर्नल' ही स्थानिक फौजेतली पदवी. त्याने विधिमंडळात आमदारकी केलेली, आणि डोंगराळ नैर्ऋत्य भागात सापडलेल्या शिशाच्या खाणीत त्याची भागीदारी होती. त्याची मुलगी सुझॅना ही जॉन रॉबिन्सनची बायको. रॉबिन्सन म्हणजे विधिमंडळाचा सभापती आणि वसाहतीचा खजिनदार, दोन्ही एकाच वेळी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रूटलेज घटनास्थळाशेजारच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीतला, म्हणजे जिल्ह्यातला. स्कॉटिश व्यापाऱ्यांची तिथली जागा आपल्या गावच्या वाणी-सावकारासारखी होती. कापड, अवजारं, मीठ, रम, सगळं उधारीवर द्यायचं आणि हंगामात तंबाखू उचलायचा. त्यांच्यावाचून कुणाचं पान हलत नसे, आणि त्यांच्याबद्दल कुणी बरं बोलत नसे. त्यात 1745 साली स्कॉटलंडमध्ये राजाविरुद्ध मोठं बंड झालेलं. वीस वर्षं उलटली तरी स्कॉटिश माणसाला टोचायचं असेल तर 'बंडखोर' हा शब्द पुरेसा असे. शिवाय व्हर्जिनियात सरकारमान्य पंथ इंग्लंडच्या चर्चचा. प्रेस्बिटेरियन, म्हणजे स्कॉटलंडच्या चर्चचा माणूस, तिथे बाहेरचा.

घटना घडली ती कंबरलँड कोर्टहाउसजवळच्या बेंजामिन मॉझ्बीच्या टॅव्हर्नमध्ये. ही जागा आज पाउहॅटन काउंटीत येते. कोर्टाच्या दाराशी दारूचं दुकान, याचं आज नवल वाटेल, पण तेव्हा ती रीतच होती. काउंटीचं कोर्ट महिन्यातून एकदा भरायचं. त्या दिवशी दूरदूरचे लोक यायचे: दाव्यासाठी, उधारी वसूल करायला, घोडे विकायला, नुसत्या गप्पांनाही. त्यांनी खायचं-राहायचं कुठे? टॅव्हर्नमध्ये. तिचा परवाना देणारे काउंटीचेच न्यायाधीश, आणि रमच्या भांड्याला किती पैसे घ्यायचे तो दर ठरवणारेही तेच.

त्या संध्याकाळचं जे वर्णन वृत्तपत्रात छापून आलं ते टोपणनावाने लिहिलेल्या एका पत्रात आहे. लिहिणारा चिझवेलच्या विरोधातला आहे हे धरून चालू. तरी तपशील इतका बारीक आहे की नुसता ऐकीव वाटत नाही. रूटलेज बराच वेळ तिथे बसून पीत होता आणि चांगलाच चढलेला होता. चिझवेल आला, मोठ्या आवाजात बोलू लागला, आणि वाक्यावाक्याला शपथा घालू लागला. रूटलेजने नापसंती दाखवली. त्यावर चिझवेल घसरला: पळून आलेला बंडखोर, लोकांची मालमत्ता लुबाडायला व्हर्जिनियात आलेला बदमाश, आणि वर 'प्रेस्बिटेरियन'. रूटलेजने उत्तर दिलं नाही, हातातल्या ग्लासातली वाइन त्याच्या तोंडावर फेकली.

चिझवेलने रमने भरलेलं भांडं उचललं, लोकांनी अडवलं. मेणबत्तीचा स्टँड उचलला, अडवलं. शेकोटीचा चिमटा उचलला, तेही अडवलं. मग त्याने नोकराला तलवार आणायला पाठवलं. नोकराने आणून दिली. चिझवेलने ती उपसली, जवळ येईल त्याला भोसकीन म्हणाला, आणि रूटलेजला खोलीतून निघून जायला बजावलं. नाही गेलास तर मारून टाकीन. रूटलेज उचक्या देत म्हणाला, माझा कर्नलवर काही राग नाही, आणि कर्नल मला तलवारीने इजा करणार नाही याची मला खात्री आहे. जोसेफ कॅरिंग्टन नावाचा एक गृहस्थ त्याला धरून दाराकडे नेऊ लागला. चिझवेलच्या तोंडून पुन्हा तीच 'प्रेस्बिटेरियन' शिवी गेली. रूटलेज हात सोडवून मागे वळला. दोघांच्या मध्ये टेबल होतं. तलवार टेबलावरून आरपार गेली.

कुणाला वाटलं, वार लागलाच नाही. चिझवेल म्हणाला, तो मेलाय, आणि मी मारलाय. नोकराकडे तलवार देऊन सांगितलं, नीट पूस आणि चरबी चोळून ठेव, गंज चढता कामा नये. काळजावर नेम धरला होता आणि तिथेच बसला, असंही तो म्हणाल्याचं पत्रात आहे. मग त्याने टॉडीचं (पाणी-साखर घातलेल्या दारूचं) भांडं मागवलं आणि भरपूर प्यायला. अटकेचा हुकूम काढायला न्यायाधीश आला तोवर कर्नल नशेत होता. वार करताना मात्र तो शुद्धीत होता, यावर पत्रलेखकाचा भर आहे. प्यायला होता तो मेलेला.

हा भर उगीच नाही. इंग्लिश कायद्यात नशा हा बचाव होऊ शकत नव्हता. उलट स्वतःहून नशा केली तर गुन्हा अधिकच काळा मानावा, असं जुने कायदेपंडित सांगत. खरा प्रश्न वेगळा होता: हा खून, की खुनापेक्षा कमी दर्जाचा मनुष्यवध?

दोन्हींत जिवाचा फरक होता. खुनाला फाशी. मनुष्यवधाला कागदोपत्री फाशीच, पण तिथे एक जुनी पळवाट होती. मध्ययुगात पाद्र्यांना राजाच्या कोर्टाची शिक्षा लागू होत नसे. पुढे ज्याला वाचता येतं तो पाद्री, असं मानायला लागले. अखेर वाचण्याची अटही गेली आणि पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्या बऱ्याच जणांना ही सवलत मिळू लागली. शिक्षा काय, तर तापलेल्या लोखंडाने हातावर डाग. डाग एवढ्यासाठी की दुसऱ्यांदा तोच माणूस सवलत मागायला आला तर हात बघून कळावं. खुनाला ही सवलत नव्हती. म्हणजे ज्युरीने 'खून' म्हटलं तर फास, 'मनुष्यवध' म्हटलं तर हातावर डाग आणि घर.

फरक ठरवायची कसोटी होती मनातला हेतू. थंड डोक्याने मारलं की अचानक भडकून? आणि भडकायला कारण पुरेसं होतं का? नुसते शब्द, कितीही झोंबणारे असले तरी, पुरेसं कारण नाहीत, हे इंग्लिश कोर्टांनी शंभर वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. तोंडावर द्रव फेकणं मात्र शब्दांच्या पलीकडे जातं. चिझवेलच्या वकिलाच्या हातात तो एकच पत्ता होता. त्याच्या उलट बाजूला तलवार आणायला नोकराला पाठवणं. भांडं, स्टँड, चिमटा हे रागाच्या भरात हाताला लागलेलं होतं. तलवार मागवावी लागली, तिची वाट बघावी लागली. आणखी भर म्हणजे 1604 चा एक इंग्लिश कायदा. समोरच्याने हत्यार काढलं नसेल आणि आधी वार केला नसेल, तर त्याला भोसकून मारणाऱ्याला ती डागाची सवलतही नाही, असं तो सांगत होता. मग वाइन फेकणं हा 'आधी केलेला वार' धरायचा का? ज्युरीपुढे यावर तास-दोन तास तरी सहज गेले असते. (भारतात आजही खून आणि सदोष मनुष्यवध यांत 'गंभीर आणि अचानक प्रक्षोभ' ही कसोटी आहे. 1860 च्या दंड संहितेतून ती न्याय संहितेत आली, आणि तिचं मूळ याच इंग्लिश विचारात आहे.)

मी ज्युरीत असतो तर तलवार मागवण्यापाशीच माझा निर्णय झाला असता. पण चिझवेलची बाजूही लवकरच फिरू लागली: दारूच्या भरात रूटलेजच अंगावर झेपावला आणि पुढे धरलेल्या तलवारीवर आदळला, अशी.

आता यंत्राकडे वळू. व्हर्जिनियात स्वतंत्र माणसावर गंभीर गुन्ह्याचा आरोप आला की आधी काउंटीचे न्यायाधीश एकत्र बसून प्राथमिक चौकशी करत. हे न्यायाधीश गावातलेच जमीनदार, कायदा शिकलेले नव्हेत. त्यांच्यापुढे साक्षी होत. आरोपात तथ्य नाही वाटलं तर सोडून द्यायचं, किरकोळ असेल तर तिथेच निकाल लावायचा, आणि जिवावरचं प्रकरण असेल तर राजधानी विल्यम्सबर्गला पाठवायचं. तिथे जनरल कोर्ट बसे. गव्हर्नर आणि त्याचं सल्लागार मंडळ हेच तिथले न्यायाधीश. म्हणजे कायदा करणारं वरचं सभागृह, राज्यकारभार आणि सर्वोच्च कोर्ट, तिन्ही ठिकाणी तेच डझनभर लोक. हे कोर्ट वर्षातून दोनदाच भरे, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. चिझवेलच्या खटल्याला ऑक्टोबर उजाडणार होता.

हे सगळं फक्त स्वतंत्र माणसांसाठी. आरोपी गुलाम असेल तर काउंटीतच खास कोर्ट बसायचं. ज्युरी नाही, वरच्या कोर्टात अपील नाही, आणि फाशीला दिवस मोजायचे फारसे लागत नसत. मालकाचं नुकसान झालं म्हणून सरकारी खजिन्यातून त्याला गुलामाची किंमत मिळे. तलवार आणायला गेलेला तो नोकर गुलाम असण्याचीच शक्यता जास्त. त्याच्या हातून हे घडलं असतं तर विल्यम्सबर्ग, जामीन, वृत्तपत्रं यांतलं काहीच झालं नसतं.

कंबरलँडच्या न्यायाधीशांनी आपलं काम चोख केलं. साक्षी ऐकल्या, खटला जनरल कोर्टाकडे धाडला आणि जामीन नाकारला. त्यात त्यांची मर्जी चालणारच नव्हती. खुनाच्या आरोपीला खालच्या न्यायाधीशाने जामीन देऊ नये, हा इंग्लंडमधला कैक शतकांचा नियम होता. शेरीफ कैद्याला घेऊन विल्यम्सबर्गला निघाला. तिथला सार्वजनिक तुरुंग चिझवेलची वाट बघत होता.

तुरुंगाचं दार लागायच्या आतच जनरल कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी कैद्याला थांबवलं: जॉन ब्लेअर, प्रेस्ली थॉर्नटन आणि विल्यम बर्ड. तिघांनी जामीन मंजूर केला आणि कर्नल मोकळा झाला. खालच्या कोर्टाची कागदपत्रं त्यांनी पाहिली नव्हती. ज्यांच्या डोळ्यांदेखत तलवार चालली त्यांतल्या एकालाही विचारलं नव्हतं.

ब्लेअरने नंतर छापील खुलासा केला. त्याचं म्हणणं, आम्ही वकिलांचा सल्ला घेतला, आणि असा अधिकार आम्हाला आहे असं त्यांनी सांगितलं. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. लंडनचं किंग्ज बेंच हे कोर्ट कुठल्याही गुन्ह्यात, खुनातसुद्धा, जामीन देऊ शकायचं. व्हर्जिनियात त्याच्या जागी जनरल कोर्ट. तेव्हा किंग्ज बेंचचा न्यायाधीश जे करू शकतो ते इथला का नाही?

टीकाकारांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. किंग्ज बेंच जामीन देतं ते प्रकरणाचे कागद समोर घेऊन, शंका घ्यायला जागा आहे का हे तपासून. इथे कागद कुठे होते? जनरल कोर्टाचं सत्र चालू नव्हतं. मग त्यातले तीन सभासद सुट्टीत वाटेवर भेटले तर ते 'कोर्ट' होतात का? आणि एखाद्या गरीब कारागिराने असाच खून केला असता तर हे तिघे त्याच्यासाठी असे पुढे आले असते का? हा शेवटचा प्रश्न कायद्याचा नव्हता, पण सगळ्यात जास्त बोचला तोच. बर्ड हा चिझवेलचा दोस्त, आणि शिशाच्या खाणीतला भागीदार.

यात रॉबिन्सन येतो. खुनाच्या तीनेक आठवडे आधी, मे महिन्यात, तो वारला, आणि त्याच्या हिशेबाचं पितळ उघडं पडलं. लढाईच्या खर्चासाठी वसाहतीने कागदी नोटा काढल्या होत्या. करांतून परत आलेल्या नोटा खजिनदाराने जाळून टाकायच्या, असा कायदा. रॉबिन्सनने त्या जाळल्या नाहीत. अडचणीत आलेल्या आपल्या मित्रांना कर्जाऊ देत राहिला. तूट निघाली सुमारे 1,00,000 पौंडांची. या कर्जदारांत सर्वात मोठा विल्यम बर्ड. चिझवेलच्या खाण कंपनीलाही त्यातून पैसे गेले होते. खजिना लुटणारे आणि खुन्याला सोडणारे एकच, असं लोक म्हणू लागले तर त्यांना दोष देता येत नाही.

हे सगळं लोकांना कळलं कसं, हाही एक योगायोग. वर्षानुवर्षं व्हर्जिनियात एकच छापखाना आणि एकच वृत्तपत्र होतं. सरकारी छपाईवर जगणारं, त्यामुळे गव्हर्नरला न रुचणारं काही छापायला धजत नसे. त्याचा मालक जानेवारी 1766 मध्ये वारला. अलेक्झांडर पर्डीने ते पुढे चालवलं. मे महिन्यात मेरीलँडहून आलेल्या विल्यम रिंडने दुसरं वृत्तपत्र सुरू केलं: सगळ्या पक्षांना खुलं, कुणाच्याही दबावाखाली नाही, असं डोक्यावर छापून. स्पर्धा लागली. त्या उन्हाळ्यात दोन्ही पत्रांतून टोपणनावांनी पत्रांमागून पत्रं आली. जामिनाचा कायदा, टॅव्हर्नमधला तपशील, साक्षीदारांची निवेदनं, ब्लेअरचा खुलासा, त्यावर उलटतपासणी. चार महिन्यांपूर्वी स्टॅम्प कायदा (लंडनने वसाहतींतल्या छापील कागदांवर लादलेला कर) रद्द करून घेतलेल्या या लोकांना हक्कांवर भांडायची सवय लागलेलीच होती, आणि आता ती लंडनऐवजी स्वतःच्याच पुढाऱ्यांवर वळली.

सगळ्यात जहाल लिहिणारा रॉबर्ट बोलिंग, स्वतः जमीनदार आणि कवी. न्यायाधीश निःपक्षपाती नव्हते, असं त्याने जवळपास उघडच सुचवलं. बर्डने बदनामीची फिर्याद लावली, बोलिंगवर आणि छापणाऱ्यांवरही. त्या काळच्या कायद्यात ही जोखीम मोठी होती. न्यायाधीशाची बदनामी म्हणजे राजसत्तेची बदनामी, आणि लिहिलेलं खरं असलं तरी सुटका नाही. उलट खरं असेल तर लोक जास्त बिथरतात, म्हणून गुन्हा मोठा, असंच तेव्हाचे इंग्लिश न्यायाधीश मानत.

ऑक्टोबर उजाडला. जनरल कोर्टाचं सत्र भरायची वेळ झाली. आरोपी येतच नाही अशी पैज लावणारे बरेच असावेत, पण चिझवेल विल्यम्सबर्गला आपल्या घरी आलेला होता. महिन्याच्या मध्यात, खटला उभा राहायच्या तोंडावर, तो त्याच घरात मेला. डॉक्टरांनी शपथेवर दिलेलं कारण छापून आलं: मनाच्या सततच्या अस्वस्थतेमुळे आलेले झटके. गावात आत्महत्येची कुजबुज होती. मेलाच नाही, पळवून लावलाय, असंही बोललं जात होतं. हॅनोव्हर काउंटीतल्या स्कॉचटाउन या घराण्याच्या वाड्यात प्रेत नेलं तेव्हा जमलेल्या लोकांनी शवपेटी उघडायला लावली आणि आत चिझवेलच आहे हे पाहूनच दफन होऊ दिलं, असं सांगतात. वाडा पुढे अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातला पुढारी पॅट्रिक हेन्रीने विकत घेतला.

आरोपीच मेल्यावर खटला कुठला? वाइन फेकणं हा वार की नाही, मागवलेली तलवार हेतू सिद्ध करते की नाही, तीन न्यायाधीशांना सत्राबाहेर जामीन देता येतो की नाही, यांतल्या एकाही प्रश्नावर निकाल आला नाही.

निकाल आला तो बदनामीच्या फिर्यादीवर. खटला चालवण्याइतकं यात काही आहे का, हे ग्रँड ज्युरीने ठरवायचं होतं. या ज्युरीत सामान्य जमीनधारक बसत, आणि समोर फिर्यादी म्हणून सल्लागार मंडळातला बर्ड. कायदा बघता आरोपपत्र निघायला हरकत नव्हती. ग्रँड ज्युरीने ते नाकारलं, बोलिंगच्या बाबतीत आणि छापणाऱ्यांच्याही. नोव्हेंबरमध्ये विधिमंडळ भरलं. त्याने सभापती आणि खजिनदार ही पदं वेगळी केली, दोन माणसांकडे दिली, आणि सरकारी छपाईचं कंत्राट नव्या विल्यम रिंडला दिलं.